वट कोणाची? सोलापुरातल्या एका आठवीच्या वर्गाचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची एक शाळा. आठवीतल्या एका मुलाची हजेरी ऑगस्टपासून घसरायला लागली. दर वेळी चिठ्ठीवर कारण एकच : घरी पाणी आलं होतं. सोलापुरात या कारणावर कुणी शंका घेत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि आलं की लहानमोठं सगळं घर हंडे-पिंपं भरायला लागतं. पण वर्गशिक्षिका त्याच भागात राहतात. एकाच आठवड्यात तीनदा पाणी येणं शक्य नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी मुलाच्या मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "तो तर रोज डबा घेऊन वेळेवर निघतो की." मुलगा दप्तर पाठीवर टाकून तलावाच्या काठी जाऊन बसत होता आणि शाळा सुटायच्या वेळी घरी परतत होता.

त्या शाळेत मी समुपदेशनासाठी जाते. वर्गशिक्षिकेनं हे प्रकरण माझ्याकडे आणलं तोवर त्यात बरंच काही घडून गेलं होतं. मुलांची नावं मी देणार नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्याला त्रास झाला तो अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातून मामांकडे शिकायला आलेला. त्याला नवा मुलगा म्हणते. ज्यानं त्रास दिला तो शाळेच्या खो-खो संघाचा कॅप्टन. त्याला कॅप्टनच म्हणते, सगळा वर्गही त्याला तेच म्हणतो.

काय घडलं

जूनमधला मराठीचा तास. धड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर उभं राहून सांगताना नवा मुलगा "शाळेचा इमारत" म्हणून गेला. घरात कन्नड बोलणाऱ्या मुलाची अशी गल्लत होतेच. वर्ग हसला. सरांनी दुरुस्त केलं, "शाळेची." पुढच्याच वाक्यात "गावाचा नदी" आलं. पुन्हा हशा. सरही हसले आणि म्हणाले, "अरे, चा की ची, एकदा काय ते ठरव." मधल्या सुट्टीत कॅप्टननं त्याचं बारसं केलं : चाची.

महिनाभर एवढंच चाललं. नवा मुलगा स्वतःही हसायचा, त्यामुळे बघणाऱ्याला ती मस्करीच वाटावी. जुलैत त्याच्या बाटलीतलं पाणी रोज रिकामं व्हायला लागलं. खो-खोच्या सरावानंतर संघाची दप्तरं मैदानावरून वर्गापर्यंत त्यानं आणायची, असा नियमच झाला. कुणीतरी त्याच्या दप्तराला ओढणी बांधली. मग स्वच्छतागृहाचं दार बाहेरून धरून ठेवण्याचा खेळ सुरू झाला. बाहेर चार-पाच जण "चाची, आवरलं का?" असं ओरडत उभे, आतला गप्प. त्यानं शाळेत पाणी पिणंच सोडलं, म्हणजे तिकडे जायला नको. पुढे लघवीला जळजळ होते म्हणून मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हाही त्यानं कारण सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये कुणीतरी वर्गात चोरून फोन आणला, त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ती क्लिप मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर मुलं असतात ती आईच्या किंवा बहिणीच्या नंबरावरून, म्हणजे ती क्लिप किती घरांत ऐकली गेली याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवसापासून नव्या मुलाच्या घरी पाणी यायला लागलं.

वर्गशिक्षिकेला नावाचं आणि क्लिपचं कळलं, तशी शाळा लगेच हलली. मुख्याध्यापकांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. कॅप्टनला कडक समज दिली, पुन्हा तक्रार आली तर दाखला हातात देईन म्हणून दम भरला, वर्गासमोर सॉरी म्हणायला लावलं आणि दोघांना हात मिळवायला सांगितले. हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. चाची हे नाव बंद झालं आणि त्याच्याशी बोलणंही बंद झालं. त्याच्या बाकावर कुणी बसेना. प्रयोगशाळेत गट पाडले की तो उरायचा. आता तक्रार करायला काही घडतच नव्हतं.

हात मिळवणं भांडणात चालतं. भांडण दोन तोलामोलाच्या मुलांत होतं, दोघं रागावतात, दोघं विसरतात. शाळेतल्या दादागिरीचा शास्त्रीय अभ्यास १९७०च्या दशकात ज्यांनी उभा केला ते डॅन ऑल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांच्या ताकदीत तफावत असते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं. पुढच्याच वर्षी त्या देशानं शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि ऑल्वेयस यांचा कार्यक्रम त्यातूनच घडला. या तीन खुणांपैकी तिसरी आपल्याकडे सर्रास विसरली जाते. एकाच्या मागे निम्मा वर्ग आणि दुसऱ्याच्या मागे कुणी नाही, अशा दोघांना समोरासमोर उभं करून "मिटवून टाका" म्हटलं, की मिटवण्याचा सगळा भार दुबळ्यावर येतो.

कॅप्टन

दादागिरी करणारा मुलगा म्हणजे डोक्यानं मठ्ठ, आतून घाबरट, स्वतःबद्दल न्यूनगंड असलेला, अशी समजूत शिक्षकांतही खोल रुजलेली आहे. असे काही असतातही. कॅप्टन तसा नव्हता. तो चटपटीत, हजरजबाबी, शिक्षकांशी अदबीनं बोलणारा. मी त्याला सहज विचारलं, वर्गात कोण कशानं दुखावतं सांगशील का? त्यानं एकेकाचं अचूक सांगितलं. अमक्याला त्याच्या वडिलांच्या हातगाडीवरून बोललेलं खपत नाही, अमकी उंचीवरून रडते, अमक्याला काही म्हणा, फरक पडत नाही. मी थक्क झाले. इंग्लंडमध्ये जॉन सटन, पीटर स्मिथ आणि जॉन स्वेटनहॅम यांनी १९९९ मध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यात टोळीचे म्होरके मागे नव्हते, उलट आपल्या साथीदारांपेक्षा आणि छळ सोसणाऱ्यांपेक्षाही सरस होते. दुसऱ्याचं दुखणं कळणं वेगळं आणि ते आपल्याला लागणं वेगळं. कॅप्टनला कळत होतं.

मग लागत का नव्हतं? त्याची उत्तरं मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत.

"मी मारलो का मॅडम त्याला? एकदा तरी?"

"मस्करी होती. तो पण हसायचा."

"मी एकटा थोडीच केलो, सगळेच हसलालते."

"सरच म्हणाले पहिल्यांदा."

माणूस स्वतःला वाईट न मानता वाईट वागू शकतो. त्यासाठी मन कोणते रस्ते काढतं, हे अल्बर्ट बांडुरा यांनी सविस्तर मांडलं आहे : केल्याला सौम्य नाव द्यायचं, त्याहून मोठ्या गुन्ह्याशी तुलना करायची, जबाबदारी गर्दीत वाटून टाकायची, वरच्या माणसाकडे बोट दाखवायचं. तेरा वर्षांच्या मुलानं चार वाक्यांत ते सगळे रस्ते काढले, आणि चारही वाक्यांत थोडं थोडं खरं होतं. म्हणूनच ती त्याच्याकडून नुसत्या उपदेशानं सुटणार नव्हती.

भाषेच्या वेगळेपणामुळे हे झालं, असं सरांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. या वर्गात तेलुगू घरातली मुलं आहेत, कन्नड, उर्दू, मराठी घरातली आहेत. कॅप्टनच्या घरी तेलुगू बोलतात आणि "मी केलो, मी सांगितलो" हे तर अख्खं सोलापूर म्हणतं. त्याच वर्गात आणखी तीन मुलं कन्नड घरांतली आहेत, त्यांना कुणी बोट लावलं नाही. फरक इतकाच, की ती पाचवीपासून एकत्र आहेत. नवा मुलगा एकटा होता. वेगळेपण हे निमित्त असतं, ते चिकटवायला जागा सापडते ती एकटेपणात.

घर

कॅप्टनच्या आईला भेटायला मी घरी गेले. सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं एकसारखी चाललेली. विडी वळता वळताच त्या बोलल्या. वडील यंत्रमागावर कामाला होते, कारखाना बंद पडला, आता मिळेल ते काम. संध्याकाळी घरात आवाज चढलेला असतो. मोठा भाऊ याच्यावर हात टाकतो. मग त्यांनी न विचारता एक गोष्ट सांगितली. सुट्टीत हा आईबरोबर माल द्यायला जायचा. एकदा तिथल्या माणसानं सगळ्या बायकांसमोर त्यांचे कट्टे फेकले, "हे काय वळलंय?" म्हणून. बायका खाली बघत राहिल्या. "मला सवय आहे ओ मॅडम. पण हा तिथून पळून गेला, त्या दिवशी जेवला नाही."

हे ऐकल्यावर कारण सापडलं असं वाटणं साहजिक आहे. घरी अपमान, म्हणून बाहेर अपमान. यात तथ्य आहे. चारचौघांत एखाद्याला खाली पाडलं की बघणारे मान खाली घालतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझा त्यावर थांबायला विरोध आहे. त्याच घरात, तोच आवाज ऐकत, त्याची बहीण दहावीत शिकते आणि शाळेत लहान मुलींची ताई म्हणून ओळखली जाते. गरिबी आणि मार हेच कारण असतं तर पूर्व भागातल्या निम्म्या मुलांनी दादागिरी केली असती. हजारो बायकांनी विड्या वळून मुलं शिकवलेल्या या भागावर असा शिक्का मारणं अन्यायाचं आहे. शिवाय घराकडे बोट दाखवलं की शाळेचं काम संपतं. घरानं त्याला एक रीत दाखवली असेल. ती इथे चालते, हे मात्र त्याला वर्गानं शिकवलं.

वर्ग

म्हणून मी वर्गाकडे वळले. सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता तीन प्रश्न. वर्गात वट कोणाची? बाकावर शेजारी कोण आवडेल? कुणाला मदतीची गरज आहे असं वाटतं? मुलांची नाती अशी कागदावर मांडण्याची पद्धत जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात रूढ केली, ती आजही फार उपयोगी आहे. वट कोणाची, याला निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर कॅप्टन. शेजारी कोण हवा, याला त्याचं नाव अगदी थोड्यांनी लिहिलं. आणि मदतीची गरज कुणाला, याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांनी एकच दिलं : नवा मुलगा. म्हणजे कळत सगळ्यांना होतं.

वट असणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि किशोरवयात त्या एकमेकांपासून दूर जातात. आठवीचं वर्षही तसंच. महापालिकेच्या शाळांतून सातवी झालेली मुलं इथे येतात, तुकड्या नव्यानं पडतात, जुनी उतरंड मोडते. सातवीत कॅप्टनची जागा पक्की होती. जूनमध्ये त्याच्याहून उंच आणि अभ्यासात हुशार मुलं वर्गात आली. तेव्हाच त्याला एक असा मुलगा सापडला ज्याच्यावर बोललं की सगळा वर्ग, सरांसकट, हसतो. तो मला म्हणाला, "मी बोललो की सगळे वळून बघायचे." आठवीतल्या मुलाला यापेक्षा मोठं बक्षीस दुसरं नाही.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की अशा छळात जवळजवळ सगळा वर्ग कुठल्या ना कुठल्या भूमिकेत असतो : कुणी साथीदार, कुणी हसून चेव आणणारे, कुणी बाजूला राहणारे, कुणी पाठराखण करणारे. फिनलंडचा किवा हा शालेय कार्यक्रम याच समजुतीवर उभा आहे. आमच्या वर्गात या सगळ्या भूमिका नावानिशी दिसत होत्या. त्यातल्या एकाबद्दल मला जास्त सांगायचं आहे.

क्लिप रेकॉर्ड करणारा मुलगा. कॅप्टनचा उजवा हात म्हणून शाळेत त्याचीच बदनामी जास्त झाली. माझ्यासमोर बसला आणि पहिली पाच मिनिटं काही बोललाच नाही. नंतर कळलं, त्याला अडखळत बोलण्याची सवय आहे. सहावी-सातवीत वर्ग त्याच्या बोलण्याची नक्कल करायचा, आणि नक्कल करणाऱ्यांत कॅप्टन पुढे होता. जूनमध्ये नवा मुलगा आला आणि याची सुटका झाली. "तो गेला तर परत माझा नंबर लागतो मॅडम." एवढं एकच वाक्य तो न अडखळता बोलला. स्वतः छळ सोसलेली आणि पुढे छळ करणारी मुलं सगळ्यांत जास्त सांभाळण्यासारखी असतात, कारण त्यांना दोन्हीकडून मार असतो : मित्र त्यांना मानत नाहीत आणि शिक्षक त्यांना गुन्हेगार समजतात. त्यानं नव्या मुलाचाच आवाज, बोलणंच का रेकॉर्ड केलं, हे मला त्याला विचारावं लागलं नाही.

पाठराखण करणारी एकच होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी नव्या मुलाच्या बुडालेल्या तासांच्या वह्या कुणाला न सांगता लिहून देत होती. समोर बोलायचं धाडस मात्र तिलाही झालं नाही. कॅनडात हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी मैदानावरच्या मुलांचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास २००१ मध्ये आला. सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणारे मात्र फार थोड्या वेळा पुढे आले होते. तिच्या वह्या पाहिल्यावर मी ठरवलं, की काम कॅप्टनपेक्षा या मुलीच्या आजूबाजूच्या मुलांवर जास्त करायचं.

काय केलं

सर्वांत आधी दाखल्याची धमकी बंद केली. शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि त्याच कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. जी शिक्षा देता येत नाही तिचा धाक मुलं लवकर ओळखतात. मुख्याध्यापकांनी हे मान्य केलं, याचं मला समाधान आहे.

मराठीच्या सरांशी बोलणं अवघड होतं. ते प्रेमळ शिक्षक आहेत आणि "मी सहज म्हणालो हो" हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण शिक्षकाचं हसू म्हणजे वर्गाला मिळालेली परवानगी. त्यांनी ते मनावर घेतलं. एका तासाला त्यांनी वर्गाला सरळ सांगितलं, की जूनमध्ये मी हसलो ते चुकलं, आणि या वर्गात उत्तर देताना कुणी अडखळलं तर वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचं. तेव्हा क्लिपवाला मुलगा खाली बघत होता, असं सरांनी मला नंतर सांगितलं. उभं राहून एकट्यानं उत्तर देण्याऐवजी जोडीनं उत्तर देण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली.

टोळीतल्या मुलांना मी एकेकटं भेटले, आरोप न करता. स्वीडनचे अनातोल पिकास यांनी ही पद्धत मांडली : तो मुलगा सध्या ठीक दिसत नाही, तुला काय वाटतं, तू काय करू शकशील? गटात जे एकमेकांकडे बघून हसतात ते एकटे असले की वेगळं बोलतात. एकानं दप्तरं आपली आपण आणू म्हटलं. एक म्हणाला, स्वच्छतागृहापाशी मी उभा राहणार नाही. ग्रुपवरची क्लिप प्रत्येकानं वर्गशिक्षिकेसमोर काढून टाकली आणि पालकसभेत, नाव न घेता, पालकांना आपापले फोन बघायला सांगितलं.

कॅप्टननं सुचवलं, त्याला खो-खोच्या संघात घेतो. मी लगेच हो म्हटलं नाही. ज्या मैदानावर तो राजा, तिथे त्याच्या मेहेरबानीवर दुसऱ्याला आणणं म्हणजे तीच उतरंड नव्या रंगात. क्रीडाशिक्षकांशी बोलून संघाचं कॅप्टनपद दर महिन्याला फिरतं केलं. हा निर्णय त्याला फार लागला. तो दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आई कामाचा खाडा करून त्याला घेऊन आली आणि ऑफिसच्या दारात म्हणाली, "ह्याला काढू नका, पण ह्याला मोठा पण करू नका." क्रीडाशिक्षकांनी त्याला पाचवीच्या मुलांना खांबावरचं वळण शिकवायचं काम दिलं, स्वतः समोर उभं राहून. शिकवण्यात तो खरोखर चांगला आहे.

नव्या मुलाला मी काय शिकवलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. धीट हो, उलट उत्तर दे, दुर्लक्ष कर, यातलं काहीच नाही. त्याच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्याला मधल्या सुट्टीत जाऊन बसायला एक सुरक्षित जागा दिली, वर्गशिक्षिकेला रोज एक शब्द तरी बोलायचा असं ठरवलं, १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वहीत लिहून दिला आणि मामा-मामींना सगळं सांगितलं. मामी खूप रडली. जळजळीचं कारण तिला तेव्हा कळलं.

सध्याची स्थिती

दिवाळीनंतर त्याची हजेरी सुधारली. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या मागे दोन मुलांबरोबर तो बसतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला त्या दोघांबरोबर होम मैदानावर गेला होता, पाळण्यात बसायला घाबरला म्हणून त्यानं स्वतःच हसत सांगितलं. वर्गात हात वर करून उत्तर मात्र तो अजून देत नाही. दुसऱ्या तुकडीतली मुलं जिन्यात अधूनमधून चाची म्हणतात.

कॅप्टनचं पूर्ण बदललं असं मी लिहिणार नाही. त्याची जीभ अजून धारदार आहे. फेब्रुवारीत नळाच्या रांगेत त्यानं सहावीच्या एकाला ढकललं, तेव्हा रांगेतल्या दोन मुलांनी "ए बे, सोड त्याला" म्हटलं आणि त्यानं सोडलं. त्या दोघांपैकी एक क्लिपवाला होता.

पुढची काळजी जूनची आहे. नववीला तुकड्या पुन्हा बदलतात, उतरंड पुन्हा नव्यानं लागते. मी शाळेला लेखी दोन गोष्टी मागितल्या आहेत : नवा मुलगा, ती मुलगी आणि त्याच्या शेजारचे दोघं एकाच तुकडीत ठेवावेत, आणि चिठ्ठ्यांचे तेच तीन प्रश्न जूनच्या दुसऱ्याच आठवड्यात प्रत्येक नव्या तुकडीला विचारावेत. पहिली मान्य झाली आहे. दुसरीसाठी नववीच्या वर्गशिक्षकांची बैठक शाळा उघडायच्या आधी ठेवली आहे.